नवरंग शोधायचा तर न झाडलेला कोपरा शोधा

मे संपत आला की मुंबई-पुण्यातल्या पक्षी पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'आला का?' कोण, ते विचारावं लागत नाही. नवरंग, म्हणजे इंग्रजीतला इंडियन पिट्टा, हिवाळा काढतो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. पावसाच्या तोंडावर तो विणीसाठी सह्याद्री, मध्य भारत आणि थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या जंगलांकडे निघतो. प्रवास रात्रीचा. उजाडलं की खाली झाडी दिसेल तिथं उतरायचं, पोट भरायचं, थकवा घालवायचा आणि पुन्हा निघायचं. या वाटेत आपली शहरं येतात. म्हणूनच ज्या पक्ष्यासाठी एरवी जंगल गाठावं लागतं, तो मेचा शेवट ते जूनचा पहिला पंधरवडा एवढ्या काळात तुमच्या कॉलेजमागच्या झाडीतही भेटू शकतो.

परतीचा प्रवास साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतो. पण तेव्हा तो फारसा बोलत नाही, आणि न बोलणारा नवरंग नवख्या माणसाला सापडणं महाकठीण. सुरुवात मे-जूनमध्येच करा.

'दुर्मिळ' या शब्दाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. माळढोक दुर्मिळ आहे तसा नवरंग दुर्मिळ नाही, जगातून नाहीसा होण्याच्या मार्गावर तो नाही. शहरात मात्र तो दुर्मिळ, कारण इथं तो थोडेच दिवस असतो, सावलीतून बाहेर येत नाही आणि इतके रंग अंगावर असूनही पालापाचोळ्यात बेमालूम लपतो. बहुतेक शहरी पक्षीनिरीक्षकांच्या वाट्याला येणारी 'दुर्मिळ' गोष्ट याच जातीची असते. ती शोधायची रीत एकदा अंगवळणी पडली की उद्या दुसरा कुठला पाहुणा पक्षी आला तरी तीच कामाला येते.

आधी कान तयार करा

पहिलं काम घरी बसून करायचंय. नवरंग दिसण्याआधी ऐकू येतो, आणि बऱ्याचदा नुसताच ऐकू येतो. झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे आवाज फुकट ऐकता येतात, तिथं किंवा पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपमध्ये त्याची हाक शोधा आणि आठवडाभर रोज ऐका. दोन सुरांची स्वच्छ, मोकळी शीळ असते, साधारण 'व्हीऽट-ट्यू' अशी. पहिला सूर वर चढतो, दुसरा खाली उतरतो. मग काही सेकंद शांतता, मग पुन्हा तीच. खालच्या गल्लीतून कुणी मित्राला बोलवायला शीळ घालावी, इतकी ती माणसाची वाटते. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारे कित्येक जण तिच्याकडे लक्षच देत नाहीत. पहाटे आणि संध्याकाळी, उजेड-अंधाराच्या सीमेवर, तो सगळ्यात जास्त बोलतो. आभाळ भरून आलं असेल तर दिवसाही.

पण नुसती नवरंगाची शीळ पाठ करून भागत नाही, आणि इथंच बहुतेक नवखे फसतात. मे महिन्यातली शहरातली पहाट म्हणजे नुसता कोलाहल. कोकिळ तार सप्तकात, पावशाचं 'पेर्ते व्हा' चढत चाललेलं, तांबटाचं टुक-टुक, शिंप्याचा अंगाच्या मानानं अवाढव्य आवाज, दयाळाची मैफल, भारद्वाजाचं घुमणारं हुप-हुप आणि मधेच सातभाईंचं भांडण. हे सगळं ओळखीचं झालं असेल तरच त्यातला परका सूर टोचतो. तेव्हा त्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटं गॅलरीत किंवा गच्चीवर उभं राहा आणि येईल त्या प्रत्येक आवाजाला नाव द्या. जे येत नाही त्याचा पाठपुरावा करा. सरळ सांगायचं तर, गल्लीतले बारा-पंधरा रोजचे पक्षी कानानं ओळखता येत नसतील तर दुर्मिळ पक्ष्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. समोर येऊन शीळ घालून गेला तरी कळायचं नाही.

दोन आवाज खास लक्षात ठेवा, कारण ते चकवतात. एक हळद्या. त्याचीही शीळ गोड आणि पातळ असते, पण त्यात एक पाणीदार वळण असतं आणि ती झाडाच्या शेंड्याकडून येते. दुसरा भृंगराज. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी हा पठ्ठ्या दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो. एका शिळेपाठोपाठ शिक्रा, मग आणखी कुणी, असा कार्यक्रम एकाच फांदीवरून चालू असेल तर तो भृंगराज समजा. नवरंग एकदा लागला की तीच एक शीळ धरून बसतो.

मर्लिनमध्ये आवाज ऐकून पक्षी सुचवण्याची सोय आहे. भारताचं पॅक आधीच वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी चालतं. ॲपनं नाव दाखवलं म्हणजे पक्षी आला असं मात्र नाही. त्याला सूचना समजा आणि पुढचं काम डोळ्यांनी करा.

जागा: जिथं खराटा पोचत नाही

आता मुख्य मुद्दा. नवरंग काय खातो ते बघा: किडे, अळ्या, गांडुळं, छोट्या गोगलगायी. हे सगळं असतं ओलसर पालापाचोळ्यात. तो जमिनीवर टुणटुण उड्या मारत चोचीनं पानं उलटत फिरतो. त्यामुळे ज्या बागेत रोज सकाळी खराट्यानं सगळी पानं एकत्र करून पेटवली जातात, तिथं झाडं कितीही मोठी असोत, नवरंगाच्या ताटात काही नाही. हिरवळ, कारंजी, फरशीचा जॉगिंग ट्रॅक यांच्याकडे पाठ करा. आपल्याला हवी ती दुर्लक्षित जागा: कुंपणाजवळ साचलेला पाचोळा, बांबूचं बेट, वड-उंबराखालची दाट सावली, नाल्याकाठची झाडी, करवंद-घाणेरीच्या जाळीची कड, जुन्या बंगल्याचं रान झालेलं आवार.

शहरानुसार विचार करायचा तर मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ठाण्याच्या बाजूनं येऊर, ही दोन खात्रीची ठिकाणं. पाऊस सुरू झाल्यावर नवरंग तिथं थांबतात, घरटीही करतात. उद्यान सोमवारी बंद असतं, हे विसरून फाटकापर्यंत जाणारे दरवर्षी भेटतात. माहीम-धारावीच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं जंगल. मिठी नदीच्या काठाला, चारी बाजूंनी शहर. रात्रभर उडून दमलेल्या पक्ष्याला वरून असंच एखादं बेट दिसत असणार. पनवेलकडच्यांना कर्नाळा जवळ आहे.

पुण्यात सिंहगडाच्या पायथ्याची दरी हे जुनं, भरवशाचं ठिकाण, पण ते शहराबाहेर आणि शनिवार-रविवारी तिथं गर्दी. शहरातच राहायचं तर वेताळ टेकडी आणि तिला लागून असलेल्या टेकड्यांवरची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) लागवड, ओढ्यांच्या घळी, विद्यापीठाच्या आवारातला जुना भाग असे कोपरे धुंडाळा. टेकडीच्या माथ्यावर उघड्या गवतात वेळ घालवू नका. तिथले पक्षी छान आहेत, पण वेगळे. खाली घळीत उतरा.

दुसऱ्या गावात असाल तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जा, नवरंगाचा नकाशा उघडा, मे-जून निवडा आणि आपल्या जिल्ह्यावर मोठा करा. आतापर्यंतच्या नोंदी कुठल्या कोपऱ्यात पडल्यात ते दिसेल. त्यातली घराला सगळ्यात जवळची जागा निवडा. नावाजलेली निवडू नका. कारण उघड आहे: हा पक्षी मिळायचा तर लागोपाठ तीन-चार सकाळी जावं लागेल, आणि दीड तासाच्या प्रवासाला पहिल्या दिवशीचा उत्साह दुसऱ्या दिवशी राहत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी एक चक्कर मारून या. फाटक किती वाजता उघडतं, तिकीट लागतं का, कुत्री कुठं बसतात, सूर्य कुठल्या बाजूनं येईल. वॉचमनशी दोन शब्द बोला. 'रंगीत, आखूड शेपटीचा, जमिनीवर उड्या मारणारा पक्षी दिसतो का इथं?' असं विचारून मोबाईलवरचं चित्र दाखवा. माळी आणि वॉचमन यांच्याइतकं कोणी त्या जागेकडे रोज बघत नाही.

सामान

दुर्बीण हवीच. झाडाखालच्या अंधारात पाहायचंय, त्यामुळे ८×४२ ही मापं डोळ्यांसमोर ठेवा. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणारी १०×२५ घेतलीत तर तेच गणित अडीचवर येतं आणि पहाटेच्या सावलीत नवरंग नुसता काळा ठिपका दिसतो. शिवाय दहापटीत हात थरथरतो. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून वापरून बघा. पक्षी पाहणारे लोक या बाबतीत उदार असतात.

दुर्बीण हातात आली की एक काम हमखास राहतं, आणि मग 'हिच्यात धूसरच दिसतं' अशी तक्रार सुरू होते. आपले दोन्ही डोळे सारखे नसतात. म्हणून वीसेक मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट घ्या. उजवं भिंग हातानं झाका, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला आकडे स्पष्ट करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवा, उजव्यालाही तेच आकडे लख्ख दिसेपर्यंत. कडीची ती खूण लक्षात ठेवा. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत दाबून घ्या.

बाकी फार काही नको. पाणी, वही-पेन्सिल (पावसाळी हवेत पेनाची शाई पसरते), डासांचं मलम, पूर्ण बाह्यांचा मळकट शर्ट, पूर्ण पँट, बूट. प्लास्टिकची पिशवी एक, वळवाची सर आली तर दुर्बिणीसाठी. छत्री उघडू नका, टोपी बरी. कॅमेरा पहिल्या दिवशी घरी ठेवा. हे जरा जाचक वाटेल, पण कॅमेरा हातात असला की माणूस ऐकायचा थांबतो.

एकट्यानं जाण्यापेक्षा कुणाला तरी सोबत घ्या. सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण दोन जोड्या कानांचा खरा फायदा पुढे येईल.

सकाळ

मेच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास उगवतो. पाच चाळीसपर्यंत निवडलेल्या जागी उभं असायला हवं. पोचायचं म्हणजे पार्किंगमध्ये नव्हे, झाडाखाली. पहिली वीस मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या, नुसतं ऐका. कोकिळेच्या आरडाओरड्यामागे, जरा लांब, दोन सुरांची शीळ येतेय का?

आली की धावायचं नाही. ही शीळ लांबवर जाते आणि अंतराचा अंदाज हमखास चुकतो. दोन्ही तळवे कानांमागे वाटीसारखे धरा आणि सावकाश डोकं फिरवा. आवाज सगळ्यात मोठा ज्या दिशेला, ती दिशा. सोबत्याला पन्नास-साठ पावलं बाजूला उभं करा आणि त्यालाही हात करून दिशा दाखवायला सांगा. दोघांच्या दिशा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं तुमचा पक्षी. हे सोपं गणित एकट्याला येरझारा घालून करावं लागतं, तोवर तो गप्प होतो.

मग शीळ चालू असताना थोडं पुढं, थांबली की थांबायचं. पायवाट सोडू नका, पाचोळ्यात तर पायच घालू नका. तुमच्या पावलांच्या चुरचुर आवाजानं तो उडेल हे एक. दुसरं म्हणजे घोणस आणि फुरसं यांनाही हाच पाचोळा आवडतो आणि पावसाच्या तोंडावर ते बाहेर असतात. बोरिवली, येऊर, आरे या बाजूंना बिबट्या आहे हे धरूनच चाला. अंधारात पोचू नका, तिथं उजाडल्यावरच आत जा, एकट्यानं झुडपाशेजारी वाकून बसू नका, उद्यानानं बंद केलेल्या वाटेनं जाऊ नका.

शीळ आता जवळून येतेय, पण जमिनीवर काही हलत नाही. बहुतेक जण इथंच पंधरा मिनिटं पाचोळा न्याहाळत उभे राहतात. नवरंग जमिनीवर चरतो हे खरं, पण ओरडायला तो बऱ्याचदा वर फांदीवर बसतो. तेव्हा आधी माणसाच्या उंचीपासून दुमजली घराच्या उंचीपर्यंतच्या आडव्या, सावलीतल्या फांद्या एकेक करून तपासा. ताठ बसलेला असतो आणि प्रत्येक शिळेला मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. ही मानेची झटक कित्येकदा रंगाआधी दिसते.

दिसली? नजर तिथून हलवू नका. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण उचलून डोळ्यांपर्यंत आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की फांदी हरवली म्हणून समजा. ही सवय घरी, समोरच्या इमारतीवरच्या पारव्यांवर करता येते.

आता नीट बघून घ्या, घाई न करता, वरून खाली. आकार बुलबुलाच्या आसपास, एकोणीसेक सेंटिमीटर, पण शेपूट इतकी आखूड की पक्षी मागून छाटल्यासारखा वाटतो. डोळ्यावरून मागं जाणारी जाड काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई, डोक्याच्या मध्यावरून आणखी एक काळी रेघ. पाठ हिरवी, खांद्यापाशी आणि शेपटीच्या मुळाशी चमकता निळा, गळा पांढरट, पोट फिकट पिवळसर-बदामी आणि शेपटीखाली, अगदी बुडाशी, लालभडक. पाय गुलाबी आणि लांब. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे ते ठरवायच्या भानगडीत पडू नका. दाट सावलीत हे रंग लागत नाहीत, सगळं मातकट दिसतं. तिथं डोळ्यावरची काळी पट्टी आणि तोकडी शेपूट एवढ्यावर ओळख पटते. दचकून उडाला तर काळ्या पंखात पांढरा डाग चमकतो.

तुमचं नशीब चांगलं असेल तर तो खाली उतरेल. दोन-तीन उड्या, थबकणं, मान तिरकी, चोचीनं एक पान उचलून बाजूला फेकणं, पुन्हा थबकणं, आणि मधून मधून शेपूट हळूच वर-खाली. ही लय ऐकूही येते. सरडा पळाला तर पाचोळ्यात एक सलग सरसर होते. सातभाई असतील तर एकाच वेळी चार ठिकाणी खसखस आणि वर त्यांची वटवट. खार थांबत थांबत, पण झाडाकडे जाते. उडी-उडी, शांतता, पान उलटल्याचा एक आवाज, शांतता: हे ऐकलंत तर उभे आहात तिथंच खाली बसा आणि हलू नका.

तुम्ही जवळ गेल्यावर शीळ बंद झाली, पक्षी ताठ होऊन तुमच्याकडे एकटक बघू लागला किंवा झाडोऱ्यात मागं सरकला, की तुम्ही मर्यादा ओलांडलीत. चार-पाच पावलं मागे या. बऱ्याचदा काही मिनिटांत तो पुन्हा चरायला लागतो.

आणि शीळ आलीच नाही तर? साडेसहापर्यंत काही ऐकू आलं नाही तर जागा बदला, पण पन्नास पावलांपेक्षा जास्त नाही. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं. कुठं पाणी साठलं असेल, गळका नळ असेल, ओढ्यात डबकं उरलं असेल तर तिथं जास्त वेळ द्या. मेच्या उकाड्यात सगळे तिथं येतात. सातभाई आणि बुलबुल एकाएकी एकाच जागी कल्ला करू लागले तर बघून या. साप असेल, मांजर असेल, शिक्रा असेल, दिवसा उघडा पडलेला पिंगळाही असेल. नऊ वाजले, ऊन चढलं की आटपा. त्यानंतरची भटकंती म्हणजे नुसता घाम.

त्या सकाळी नवरंग नाही मिळाला तरी तुम्ही रिकाम्या हाती आलात असं नाही. वडा-उंबराला फळं असतील तर राखी धनेश, नाल्याकाठी लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक, आणि पाऊस जवळ आला असेल तर आफ्रिकेकडून वाऱ्याबरोबर येणारा चातक. मला स्वतःला चातकाचं पहिलं 'पियू पियू' ऐकलं की नवरंगाचा विसर पडतो.

फोटो, आवाज वाजवणं आणि इतर उपद्रव

नवरंग सापडल्याची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली मोठ्या लेन्सांची रांग लागते. त्यातले बरेच जण समंजस असतात. काही नसतात. मोबाईलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर बोलावणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. चरणं सोडून तो त्याला हुसकायला येतो, पुन्हा पुन्हा येतो. रात्रभर उडून आलेल्या आणि आज रात्री पुन्हा निघायचं असलेल्या पक्ष्याचा तेवढा वेळ म्हणजे तेवढं जेवण गेलं. नवख्यानं तर हे करूच नये, आणि दुसरा करत असेल तर नम्रपणे, पण स्पष्ट सांगावं.

फोटोत काडी येते म्हणून पाचोळा साफ करणं, अळ्या टाकून पक्ष्याला ठरावीक दगडावर आणणं, फ्लॅश मारणं, दोघांनी मिळून त्याला कोंडीत धरणं, हेही त्याच वर्गातलं.

जूनच्या मध्यानंतर चोचीत गवत किंवा पानं घेतलेला नवरंग दिसला तर दुर्बीण खाली करा आणि वाट धरा. त्याचं घरटं म्हणजे काड्या-पानांचा मोठा गोळा, बाजूनं तोंड असलेला, जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर. माणसांच्या येण्याजाण्यानं कावळ्यांना आणि मांजरांना ते सापडायला वेळ लागत नाही. घरट्याची जागा कुणालाही सांगू नका. 'फक्त आपल्या ग्रुपपुरती' सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला माहीत असते.

नोंद

घरी येऊन मोबाईल उघडायच्या आधी, तिथंच झाडाखाली, वहीत लिहा. वेळ, जागा, आभाळ भरलेलं होतं की ऊन, पक्षी किती उंचीवर होता, काय करत होता, नक्की कोणते भाग दिसले. न दिसलेलंही लिहा: 'शेपटीखालचा लाल रंग दिसला नाही, फांदी आड होती.' चित्रं बघितल्यावर आपली आठवण त्या चित्रांसारखी होत जाते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

ईबर्डवर यादी टाकताना त्या सकाळचे सगळे पक्षी टाका, कावळे-पारव्यांसकट, आणि किती वेळ, किती अंतर तेही भरा. नुसता ऐकला असेल तर तसं लिहा, ती नोंदही पूर्ण नोंद आहे. तुमच्या जिल्ह्यात त्या आठवड्यात नवरंग अपेक्षित नसेल तर ईबर्ड जादा तपशील मागेल, नंतर एखादा स्थानिक परीक्षक मेलही करेल. तुमच्यावर संशय घेतला म्हणून रुसू नका. वहीतल्या त्या चार ओळी तिथं चिकटवा. मोबाईलवर शीळ रेकॉर्ड केली असेल तर तीही जोडा. साध्या मोबाईलवरही ती ओळखण्याइतकी येते.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो आणि गावोगावच्या संस्था सकाळच्या फेऱ्या काढतात. परतीच्या वाटेवरचे नवरंग तेव्हा शहरांतून जात असतात. मे-जूनमध्ये जमलं नाही त्यांनी जाणकारांबरोबर तेव्हा जावं.

दमलेला नवरंग बाल्कनीत सापडला तर

हे दरवर्षी घडतं. सकाळी दार उघडावं तर कुंड्यांमागे एक रंगीत पक्षी गपगार बसलेला, किंवा काचेवर आपटून खाली पडलेला. शोधायला न निघताच दुर्मिळ पक्षी घरी येतो, पण तेव्हा लोक गडबडून नेमकं चुकीचं करतात.

चोचीत पाणी ओतू नका. भात, पोळी, पाव देऊ नका. मुलांना हाताळायला देऊ नका, सेल्फी राहू द्या. बुटांचं रिकामं खोकं घ्या, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडा, तळाशी सुती कापड अंथरा, पक्ष्याला हलक्या हातानं कापडात धरून आत ठेवा, झाकण लावा. खोकं शांत, थंड, अंधाऱ्या खोलीत, पंख्याखाली नव्हे. मांजर दाराबाहेर. तास-दोन तास वारंवार उघडून बघायचं नाही.

आत पंख फडफडल्याचा आवाज येऊ लागला, उघडल्यावर तो ताठ उभा असला आणि दोन्ही पंख सारखे दिसले, तर जवळच्या दाट झाडीत न्या आणि खोकं आडवं करून झाकण काढा. बाल्कनीतून हवेत उडवू नका. आजूबाजूला कावळे जमलेले असतील तर ते पांगेपर्यंत थांबा. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा दोन तासांनीही तो मान टाकून असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि मदत येईपर्यंत खोकं बंदच ठेवा. बरा झाल्यावर पिंजऱ्यात ठेवून घेऊ असा विचार घरात कुणी मांडला तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे, हे तिथल्या तिथं सांगा.

सगळं आटपलं की याचीही नोंद टाका: तारीख, वेळ, कितवा मजला, काचेवर आपटला की नुसता बसलेला मिळाला, आणि रात्री बाल्कनीतला दिवा चालू होता का.